श्वासावर पडलेला ठोका

माझा उजवा पाय माझं ऐकत नाही. तो अधू नाही, दुखत नाही, डॉक्टरांनाही त्यात कधी काही सापडलं नाही. फक्त मी शांत बसलो आणि श्वास सोडला की तो टाचेवर टेकतो, पुढून अर्धा इंच खाली दाबला जातो आणि पुन्हा वर येतो. माझी थोरली लेक लहान असताना म्हणायची, बाबा बसल्या जागी शिलाई मशीन चालवतात. घरात सगळे हसायचे. मीही हसायचो आणि पाय मांडीखाली दुमडून घ्यायचो.

बासष्ट साली आम्ही सातारा जिल्ह्यातून पिंपरीला आलो. वडिलांनी धम्मदीक्षा घेतली, गावकीची कामं नाकारली आणि मग गावात राहणं जड झालं. इकडे तेव्हा जिकडे तिकडे कारखान्यांचे पाये खणत होते. वडील पाये खणायला लागले. मी शाळा अकरावीपर्यंत कशीबशी रेटली आणि पत्र्याचं काम करणाऱ्या एका लहान कंपनीत चिकटलो. ती कंपनी आता नाही. तिच्या जागेवर इमारत उभी आहे आणि खाली मिठाईचं दुकान आहे.

आमची वस्ती म्हणजे पत्र्याच्या खोल्यांच्या चार रांगा. तीन शिफ्टमधली माणसं एकाच गल्लीत राहत, त्यामुळे चोवीस तास कोणीतरी जेवत असे, कोणीतरी भांडत असे आणि कोणीतरी झोपायचा प्रयत्न करत असे. नळावर बायकांचा आवाज, शेजारच्यांचा रेडिओ, पलीकडच्या खोलीत दारू पिऊन आलेला नवरा. शांतता मिळायची ती फक्त लाइट गेल्यावर, आणि तेव्हाही लोक ओरडून एकमेकांना विचारत, तुमच्याकडे आहे का. मी मुळात तापट. या सगळ्याने माझं डोकं सतत भणभणलेलं असायचं. आईवर ओरडायचो, ताट सरकवायचो. नंतर मलाच लाज वाटायची, पण ती दुसऱ्या दिवसापर्यंत टिकायची नाही.

एकोणसत्तर साली एक भन्तेजी आमच्या विहारात पावसाचे तीन महिने वर्षावासाला राहिले. विहार म्हणजे तरी काय, पत्र्याचं छप्पर, शेणाने सारवलेली जमीन आणि भिंतीशी मूर्ती. ते फार बोलत नसत. श्वास आत येतो, बाहेर जातो, तेवढंच पाहा म्हणत. मन उधळलं तर रागावू नका, परत आणा. आणि मनाची मशागत करावी लागते, असं ते एकदा म्हणाले.

तो शब्द मला लागला. आमच्या किती पिढ्यांनी दुसऱ्यांच्या शेतांची मशागत केली. सातबाऱ्यावर आमचं नाव कधीच नव्हतं. आता हा माणूस सांगत होता की एक शेत तुझं स्वतःचं आहे, तिथे तू नांगर धर, ते कोणी काढून घेणार नाही. मी तेव्हा विशीत होतो. घरी जाताना रस्त्यात मला चक्क रडू आलं.

पण मशागतीला वेळ कुठे होता? सकाळी पाणी, मग कंपनी, मग ओव्हरटाइम, मग वस्तीचा कलकलाट. मी भन्तेजींना विचारलं की मशीनवर काम करताना श्वास पाहिला तर चालेल का. त्यांनी उलट विचारलं, मशीनवर तुझ्याबरोबर कोणी असतं का. मी सांगितलं, एक जोडीदार असतो. ते म्हणाले, मग आधी त्याला विचार. मला ते उत्तर जरा फुसकं वाटलं होतं. साधनेत जोडीदाराचा काय संबंध, असं मनात आलं होतं.

आमचं काम पॉवर प्रेसवर. लांब पत्र्याची पट्टी असायची. पुढच्या बाजूला जोडीदार उभा. तो पट्टी साच्यात सरकवून नीट बसवायचा आणि हात बाहेर काढायचा. मी दुसऱ्या टोकाला, पट्टीचा भार हातावर घेऊन, उजवा पाय पायडलवर. हात बाहेर आला की तो म्हणायचा, ‘‘हो.’’ मग मी पायडल दाबायचो आणि वरून ठोका पडायचा. पुढे सरक, बसव, हात बाहेर, हो, ठोका. दिवसभर हेच. त्या काळी मशीनला जाळी नव्हती, काही नव्हतं. होती ती फक्त ही ‘हो’ म्हणायची पद्धत, आणि ती कोणी कागदावर लिहिलेली नव्हती. जुन्या कामगाराने नव्याला शिकवायची, बस.

माझा जोडीदार चऱ्होलीचा. माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठा, घरचं थोडं रान, रोज सायकलने यायचा. मी त्याला दादा म्हणायचो. पहिले सहा महिने तो जेवायच्या सुट्टीत डबा घेऊन लांब बसायचा. का ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, त्यामुळे कोणी बोललं नाही. मग एक दिवस माझ्याशेजारी येऊन बसला, माझ्या डब्यातलं सुक्या बोंबलाचं कालवण आपल्या भाकरीवर घेतलं आणि म्हणाला की तिखट कमी आहे. तेव्हापासून आमचा डबा एक झाला. दादा गावात भजनाला पखवाज वाजवायचा. काम नसलं की त्याची बोटं मशीनच्या पत्र्यावर ठेका धरायची. फोरमन ओरडला की थांबायची, आणि तो पाठमोरा झाला की पुन्हा सुरू.

मी मशीनवर श्वास पाहायला लागलो आणि दोन-तीन महिन्यांत एक चमत्कार घडला. म्हणजे मला तो चमत्कार वाटला. श्वास आणि पायडल जुळले. श्वास आत घ्यायचा तोवर दादा पट्टी बसवायचा, आणि श्वास सोडताना पाय आपोआप खाली जायचा. शेडमधला तो कानठळ्या बसवणारा गोंगाट कुठेतरी दूर गेला. मी घरी आईशी नीट बोलायला लागलो. आई शेजारणीला म्हणाली, पोरगं सुधारलं. नवीन लग्न झालं होतं, बायकोला वाटलं तिचा पायगुण.

खटकत होती एकच गोष्ट. तो ‘हो’. अगदी मन लागलेलं असताना कानावर ‘हो’ आदळायचा आणि सगळं विस्कटायचं. दिवसातून हजार वेळा कोणी दार वाजवावं तसं. शेवटी मी दादाला विचारलंच. विचारलं कसलं, गळ घातली. म्हटलं, आपला ताल आता इतका पक्का बसलाय की हो म्हणायची गरज काय. तू बसव, मी दाबतो. काही अडलंच तर ‘थांब’ म्हण.

दादाने माझ्याकडे पाहिलं. भजनाच्या माणसाला असल्या गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. तो म्हणाला, ‘‘तुजा सूर लागला असंल तर मी कशाला मोडू? अडलं तर थांब म्हनंन.’’

भन्तेजींनी सांगितलं होतं, जोडीदाराला विचार. मी विचारलं होतं. फक्त काय विचारायचं ते चुकलं.

तेव्हापासून आमच्या मशीनवर शब्द उरला नाही. फोरमन जवळ आला की दादा तोंडदेखलं हो म्हणायचा, तो गेला की पुन्हा गप्प. आणि मी हळूहळू डोळे मिटायला लागलो. आधी अर्धे, मग पूर्ण. दुसऱ्या टोकाला पट्टी नुसती धरायची असते, त्याला डोळे लागत नाहीत. असे तीन-चार महिने गेले.

त्या दिवशी पहिली शिफ्ट होती, सकाळचा चहा नुकताच झाला होता. माझं मन कधी नव्हे इतकं लागलं होतं. श्वास आत, श्वास बाहेर, ठोका. श्वास आत, श्वास बाहेर, ठोका. त्या ठोक्यानंतर पट्टी पुढे सरकली नाही. मी वाट पाहिली. पट्टी तशीच हातात. मला वाटलं दादा साचा पुसत असेल. मी पाय पायडलवरून खाली घेतला आणि डोळे न उघडता तिथेच राहिलो. आणखी एक श्वास घेतला, सोडला. आणखी एक. आणखी एक. आज सगळं लिहायला बसलोच आहे तर हेही लिहितो, की त्या तीन श्वासांत मला जी शांती मिळाली तशी त्याआधी कधी मिळाली नव्हती आणि त्यानंतरही मिळाली नाही. आतबाहेर काही उरलं नव्हतं. भन्तेजी म्हणत होते ते हेच, असं मला वाटलं.

मग डोळे उघडले. दादा ओरडला नव्हता. तो उभा होता आणि उजव्या हाताचं मनगट डाव्या हाताने धरून हाताकडे पाहत होता. अंगठा होता आणि करंगळी होती. मधलं काही नव्हतं.

त्या ठोक्याचा आवाज वेगळा आला नव्हता. हे मला सगळ्यात भयंकर वाटतं. रोजच्यासारखाच आला होता.

साहेबांनी चौकशी केली. दवाखान्यातून आल्यावर दादाने सांगितलं की चूक त्याची, त्याने आवाज न देता हात घातला. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, मला आवाज आला नाही. दोन्ही वाक्यं अगदी जुळली. माझे डोळे मिटलेले होते हे मी सांगितलं नाही. ‘हो’ मी बंद करायला लावला हे मी सांगितलं नाही. माझी बायको तेव्हा पोटुशी होती, नोकरी गेली असती तर हाल झाले असते, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरंही होतं. पण मी गप्प बसलो तो त्यासाठी नाही. मी गप्प बसलो कारण मी भ्यालो.

आणि तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मानगुटीवर बसला. दादा ‘थांब’ म्हणाला होता का?

तो म्हणाला असेल आणि मला ऐकू आलं नसेल, तर माझ्या त्या सगळ्या मशागतीतून काय उगवलं होतं? शेजारी उभ्या माणसाचा आवाज न ऐकण्याइतका मी बहिरा झालो होतो, एवढंच. आणि साहेबांना सांगितलं ते त्याने मला वाचवायला सांगितलं होतं. तो खरोखरच म्हणाला नसेल, तर मी थोडा तरी सुटत होतो. विचारायला एक वाक्य लागलं असतं. ते विचारायला मला अकरा वर्षं लागली.

कंपनीने दादाला स्टोअरमध्ये बसवलं. कामगारांनी पितळी बिल्ला द्यायचा, त्याने हत्यार द्यायचं. तो डाव्या हाताने देई-घेई. मला पाना लागला की मी दुसऱ्या कोणाला तरी पाठवायचो. समोर आलाच तर तो नेहमीसारखा विचारायचा, काय भावा, बरं हाय का. मी म्हणायचो, बरं आहे दादा. डबा मी कँटीनमागे भिंतीशी बसून एकट्याने खायचो. सहा महिने तो लांब बसला होता, पुढची सगळी वर्षं मी लांब बसलो.

खरी मजा तर पुढेच. भन्तेजी पुन्हा आमच्याकडे आले नाहीत, आणि विहारात पोरांना बसायला शिकवायचं काम माझ्याकडे आलं. लोक म्हणत, काय शांत बसतात हो तुम्ही. मीही बसायचो. पाठ ताठ, डोळे मिटलेले. आणि आत काय चालायचं? पहिला श्वास सोडला की पाय दाबला जायचा. दुसरा सोडला की पुन्हा. मग मी कान टवकारायचो. त्या दिवसाच्या गोंगाटात परत जायचो आणि ‘थांब’ शोधायचो. कधी वाटायचं ऐकू आला, अगदी स्पष्ट, दादाच्याच आवाजात. कधी वाटायचं, छे, मीच तो तिथे नेऊन ठेवलाय. मन उधळलं तर परत आणा, असं मी पोरांना सांगत होतो. माझं मन उधळतच नव्हतं. ते एकाच जागी होतं, त्या मशीनवर. इतकी एकाग्रता कोणाला साधणार?

बायकोला पायाचं कळलं होतं. झोपेतसुद्धा माझा पाय पलंगाच्या काठावर दाबला जातो, असं ती म्हणायची. एकदा तिने विचारलं, तुम्ही कोणाला तुडवताय. मी पाय पांघरुणात ओढून घेतला, आणि तिने पुन्हा विचारलं नाही.

ऐंशी साल उलटून गेल्यानंतरची गोष्ट. सुट्टीचा दिवस, सकाळ. विहार तोवर पक्का झाला होता, पुढे तीन पायऱ्या होत्या. पोरं बसून गेली होती आणि मी चटया गुंडाळत होतो. दाराशी सायकल लागली. दादा होता. केस पिकले होते. आत येताना त्याने चपला काढल्या, मूर्तीला नमस्कार केला. त्या हाताने केलेला नमस्कार मी पहिल्यांदाच पाहत होतो.

त्याच्या गुडघ्यांना मांडी घालवत नव्हती, म्हणून आम्ही पायरीवर बसलो. पावसाचं, रानाचं बोलून झालं. मग त्याने उजवा हात मांडीवर ठेवला आणि सांगितलं की गेलेली बोटं अजून जात नाहीत. त्यांना खाज सुटते. भजन लागलं की ती ठेका धरतात, चुकत नाहीत, आणि हाताकडे बघावं तर काही नाही. भजनाला जाणं त्याने सोडलं होतं. झोप लागत नव्हती. कोणीतरी सांगितलं, जप वाढव. त्याने वाढवला. बोटं जपालाही ठेका धरायला लागली.

‘‘तू करायचास ते मला शिकीव,’’ तो म्हणाला. ‘‘तुला लई निवांत वाटायचं त्यानं. मी बगितलंय.’’

मी म्हणालो, ‘‘दादा, त्या दिवशी माझे डोळे मिटलेले होते.’’

‘‘ठावं हाय की.’’

‘‘तू थांब म्हणालास का? मला ऐकू आलं नाही. अकरा वर्षं मी तेच आठवतोय.’’

रस्त्यावरून कंपनीची बस गेली. मग तो सावकाश बोलायला लागला.

‘‘न्हाई म्हनलो. पट्टीचा कोपरा वाकला व्हता. दोन बोटं लावली आसती तर सरळ झाला आसता. थांब म्हनायला तोंड उगडलं बी. तवा तुज्या तोंडाकडं बगितलं. येवढं निवांत तोंड मी कुनाचं बगितलं न्हाई भावा. मेलेल्या मानसाचं बी न्हाई. म्हनलं, कशाला मोडावं? हात पटकन काढीन. आन घातला.’’

मी अकरा वर्षं दोन उत्तरांची तयारी करून ठेवली होती. तो म्हणाला असता, मी थांब म्हणालो होतो, तर मी त्याच्या पाया पडणार होतो. तो म्हणाला असता, नव्हतो म्हणालो, तर मी सुटणार होतो. हे तिसरं उत्तर माझ्या कुठल्याच कप्प्यात बसेना. माझी शांतता त्याने माझ्यापेक्षा जास्त जपली होती. ती मोडू नये म्हणून त्याने साच्यात हात घातला होता, आणि मी नंतर आणखी तीन श्वास घेतले होते. ते तीन श्वास त्याने उभ्या उभ्या पाहिले होते. मी रडलो नाही. रडणंही मला तिथे फार सोपं वाटलं.

‘‘आता शिकीव,’’ तो म्हणाला.

मी म्हणालो, मला येत नाही. खोटं नव्हतं ते. त्याला पायाचं सांगितलं. मी ते पहिल्यांदाच कोणाला सांगत होतो, आणि तो हसला नाही. तो माझ्या पायाकडे पाहत म्हणाला, डोळं उघडं ठिवून बस. आमच्याकडं भजनात डोळं उघडंच ठिवत्यात, तोंडानं म्हनत ऱ्हायाचं. मी हो म्हनंन, मग श्वास सोड. पयल्यासारखं.

मी त्याच्याकडे तोंड करून पायरीवर बसलो. श्वास घेतला आणि त्याच्या तोंडाकडे पाहत थांबलो. तो मुद्दाम वेळ लावत होता. माझ्या छातीत श्वास मावेना, थोडा सुटला, आणि त्याने तोंड उघडायच्या आत माझा पाय दाबला गेला.

त्याने पाहिलं. मीही पाहिलं. म्हणजे त्या दिवशी तो थांब म्हणाला असता तरी ठोका पडलाच असता.

मी पाय ओढून घेत होतो. त्याने डाव्या हाताने माझा घोटा धरला आणि तो उजवा हात, अंगठा आणि करंगळी राहिलेला, माझ्या पावलाच्या पुढच्या भागाखाली पायरीवर ठेवला. मी म्हणालो, ‘‘दादा, नको, पाय आहे माझा.’’ मोठ्या माणसाच्या हातावर पाय, तोही त्याच्या हातावर माझा, आमच्या दोन्ही गावांत कोणी पाहिलं असतं तर काय झालं असतं कोण जाणे. तो म्हणाला, ऱ्हाऊ दे.

पावलाखाली त्याचा हात गरम लागत होता. मी डोळे उघडे ठेवले. श्वास घेतला.

‘‘हो,’’ दादा म्हणाला.

मी श्वास सोडला. पाय दाबला गेला. त्याने हात काढला नाही.